ठेवणीतला जोड

लडकूदादा समोर आला की आधी आपल्या पायांकडे बघायचा. तोंडाची पाळी नंतर, आणि पुष्कळदा ती यायचीच नाही. लग्न होऊन सापगावात आले त्या वर्षी मला याचा भारी राग यायचा. विहिरीवर जा, दुकानात जा, हा शेजारचा माणूस खाली मान घालून माझ्या चपला न्याहाळतोय. सासूबाई मात्र त्याच्यावर खूश. "लडकूसारका मानूस नाय गावात," त्या म्हणायच्या, "बाईच्या तोंडाकडं कवा बगाचा नाय." मग पायांकडे बघतो त्याचं काय, असं विचारायची नव्या सुनेची छाती नव्हती.

त्याच्या बघण्यात वाईट काही नव्हतं, हे मला मुरबाडला कामाला जायला लागल्यावर कळलं. नव्वदीतले ते दिवस. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत बुटांचे सोल बनवणारा एक कारखाना होता. साच्यातून निघालेल्या सोलची कड कात्रीने कापायला तिथे बायका लागायच्या, आणि लडकूदादा त्याच कारखान्यात मशीनवर होता. सकाळी फाट्यावरून जीप मिळायची. पहिल्या दिवशी मी जीपमध्ये पाय ठेवते न ठेवते तोच ड्रायव्हरच्या शेजारून लडकूदादाचा आवाज आला, "सुमन ना गो तू? आमच्या शेजारची? पायात रबर हाय तुज्या. घसरशील." सगळी जीप माझ्या चपलांकडे बघायला लागली. मी लाजेने पदर ओढून घेतला आणि मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या.

रबर म्हणजे त्याच्या लेखी जगातली सगळ्यात हलकी वस्तू. "आपल्याकडं रबर नाय, पीयू." पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हा अख्खा शब्द तो फक्त मोठ्या पाहुण्यांपुढे काढायचा, आणि काढल्यावर समोरच्याला तो जमतो का हे हसत बघत बसायचा. एरवी पीयू. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला मशीनपाशी नेऊन दोन पिंपं दाखवली. "ही पॉली. ही नवरी. गरीब. आन् ह्यो आयसो. ह्यो नवरा. चिडका. पान्याचा थेंब लागला तरी फेस काडतो. दोगं साच्यात पडली की लगीन लागलं. मंग फुगाचं, घट व्हाचं. आन् येकदा घट झालं ना गो, मंग कुनाच्या बापाला भ्याचं नाय." साच्यातून निघालेला गरम सोल तो गालाला लावून बघायचा. बरा निघाला तर मान डोलवायचा. त्याच्या डाव्या गालावर कायम काळा ओरखडा असे आणि बोटांवर आयसोचे तपकिरी डाग. ते डाग साबणाने, राखेने, लिंबाने, कशानेच जायचे नाहीत. गुलाबवहिनी, म्हणजे त्याची बायको, जेवायला वाढताना रोज हात धुवून यायला सांगायची आणि तो रोज धुतलेले हात पुन्हा दाखवायचा.

त्याला जगात जिकडे तिकडे पीयू दिसायचं, आणि दिसलं की तो म्हणायचा, "ह्ये पन आपलंच." जीपची सीट फाटून आतला पिवळा फोम बाहेर आलेला असायचा. कोणी तो चाळा म्हणून कुरतडला तर हा हातावर चापट मारायचा, आपलंच हाय म्हणून. कोणाकडे नवा फ्रीज आला की सगळे आत काय थंड झालंय ते बघत, हा दारावर टिचकी मारून सांगायचा, "भिंतीच्या पोटात फोम भरलाय. थंडी थोपवाचं काम त्योच करतो. आपलंच." आरोग्य केंद्रातली बाई डोसाच्या बाटल्यांची पेटी घेऊन गावात आली, तेव्हा रांगेतल्या पोरांचं रडणं बाजूला राहिलं आणि हा तिला पेटीच्या भिंतीत काय असतं ते समजावत बसला. सोफा, गादी, कोणा शेठच्या दाराचं चकचकीत पॉलिश, स्कूटरची सीट, सगळं आपलंच. कारखाना दुसऱ्याचा, मशीन दुसऱ्याचं, पण पृथ्वीवरचं सगळं पीयू लडकूदादाच्या घरचं.

एकदा आळीतला एक म्हातारा गेला. दहाव्याला सगळे त्यांच्या ओट्यावर जमले होते. आत बायका हुंदके देतायत, आणि दाराशी हा उकिडवा बसून लोकांनी काढलेल्या पायताणांचा जोड न् जोड वाकवून बघतोय. प्रत्येक सोलवर अंगठ्याचं नख रोवून बघायची त्याची सवय होती. नख रुतून परत वर आलं की माल चांगला. बघता बघता त्याला कोणाच्या तरी पायातला आमच्या कारखान्याचा सोल सापडला आणि हा मोठ्याने बोलून गेला, "ह्ये आपलंच!" आत रडणारी म्हातारी थांबून विचारायला लागली, कोण आलं गो, आपलं कोण आलं? गुलाबवहिनी पुढे चार दिवस त्या घरावरून गेली नाही, मागच्या बांधावरून पाण्याला जायची.

आता हे लोकांच्या पायांतले सोल आमच्या कारखान्याचे कसे, तर एखादा बुडबुडा राहिलेला, रंग कमीजास्त झालेला माल कारखाना कामगारांना देऊन टाकायचा. शेजारच्या शेडमध्ये त्याला वरचं कातडं बसायचं आणि बूट तयार. लडकूदादाला मूलबाळ नव्हतं. आपल्या वाट्याचे सगळे जोड त्याने गावात वाटले. कोणाचा मुलगा दहावी झाला, दे जोड. कोणाला मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, दे जोड. आमच्या यांनाही एक दिला. देताना एकच वाक्य, "जल्माला पुरंल."

आणि इथेच सगळा घोटाळा आहे. जन्माला पुरेल म्हटल्यावर आमच्या गावात ती वस्तू कोण वापरणार? चांगलं आलं की ते ठेवणीत टाकायचं, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची रीत. माझ्या सासूबाईंच्या पेटीत स्टिकर न काढलेली भांडी होती, लेकीच्या सासरहून आलेली लुगडी घडी न मोडता जिरली होती. पाहुणा आला तर नवा कप काढायचा, आणि मोठा पाहुणा आला तर तोही नाही, कारण फुटला तर! लडकूदादाचे बूट घरोघर माळ्यावर, पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले. माणसं चिखलातून स्लिपर ओढत चालत राहिली. दुसऱ्यांचं कशाला, तो स्वतःही निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपर फटकवतच कामाला यायचा. मी एकदा चिडवलं, "दादा, तुमच्या पायात रबर?" तर म्हणाला, "रोजच्याला काय गो. पीयू सनावाराला."

त्याचा स्वतःचा ठेवणीतला जोड एकच होता. नवं मशीन आलं आणि त्याच्या हाताखाली दिलं, त्या मशीनवर निघालेला पहिला जोड. साहेबांनी त्याला काळं कातडं बसवून आणलं आणि सगळ्यांसमोर तो जोड लडकूदादाच्या हातात ठेवला. कडा आम्हीच कापल्या होत्या, टेबलावरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जीपमध्ये तो बुटांचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याच दिवशी त्याने जाहीर केलं, "ह्यो मनीषाच्या नवऱ्याला."

मनीषा त्याची भाची. बहीण हिराबाई गावातच दोन आळ्या सोडून दिलेली, तिची ही मुलगी. तेव्हा ती फ्रॉक घालून शाळेत जात होती, नवऱ्याचा पत्ता कुठे! पण आमच्याकडे नवरदेवाच्या पायातले बूट मुलीच्या मामाने द्यायचे असतात. लग्नात मामाचा मान तेवढाच, पण तो नजरेत भरणारा, कारण नवरदेव देवळातून मांडवात येतो तो मामाच्या बुटांवर चालत येतो. मूल नसलेल्या माणसाला हा मान केवढा वाटत असेल ते मला आता कळतं. जोड डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत गेला. दर दसऱ्याला तो बाहेर निघायचा, कातड्याला पॉलिश व्हायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि परत पेटी. दुनियेचे बूट वाकवून बघणाऱ्या माणसाने तो एक जोड कधी वाकवून बघितला नाही. घडी पडेल म्हणून.

मनीषा लग्नाची झाली तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. तिला बघायला पाहुणे येऊ लागले आणि लडकूदादाने ओट्यावर ठाण मांडलं. मुलाचं शिक्षण, नोकरी, घरदार बाकीच्यांनी विचारावं. मुलगा आत गेला की हा दाराशी त्याचे बूट उलटे करून आकडा बघायचा. पेटीतला जोड आठ नंबरचा होता. एका चांगल्या स्थळाला तो नाकं मुरडायला लागला, कारण काय तर पोराचा पाय दहा नंबर. हिराबाई भडकली. "दादा, पोरगी द्याची हाय का बूट खपवाचेत?" तेव्हा कुठे तो गप्प बसला. ते स्थळ काही वेगळ्याच कारणाने फिसकटलं, पण खापर मात्र बुटांवर फुटलं. नंतर वाशिंदचा संतोष आला. तिथल्याच कारखान्यात पर्मनंट, शांत मुलगा. आणि पाय आठ नंबर. लडकूदादा बूट हातात घेऊनच आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जमलं." मुलीने अजून पोह्यांची ताटली ठेवली नव्हती.

लग्न वैशाखात झालं. मारुतीच्या देवळात लडकूदादाने डबा उघडला, संतोषच्या पायांत स्वतः बूट चढवले, नाडी बांधली. उठताना त्याने सगळीकडे बघून घेतलं, बघताहेत ना लोक? बघत होते. बूट काल आणल्यासारखे चमकत होते. बँड सुरू झाला, नवरदेव निघाला. वाटेत मला त्याच्या मागे काळे तुकडे पडलेले दिसले. मला वाटलं शेताचा चिखल असेल. वैशाखात चिखल कुठला, हे काही डोक्यात आलं नाही.

बोहल्याशी नवरदेवाने बूट काढले आणि मनीषाच्या बहिणींनी ते पळवले. मेव्हण्यांनी बूट लपवायचे, नवऱ्याच्या भावांनी शोधायचे, ही गंमत सगळीकडे असते. पण इथे शोधायची गरजच पडली नाही. पोरी बूट घेऊन जिकडे पळाल्या तिकडे लाल गालिच्यावर काळ्या चुऱ्याची रेघ पडली होती. वऱ्हाडातली पोरं हसत हसत त्या रेघेवरून चालत गेली आणि थेट गुलाबवहिनीपाशी थांबली. पोरींनी मोठ्या विश्वासाने बूट मामीच्याच पिशवीत लपवले होते. पिशवी तिच्या मांडीवर होती. पोरांनी बूट वर उचलले तर हातात नुसतं कातडं आलं, आणि सोलचा भुगा तिच्या नव्या साडीवर सांडला.

संतोषचे थोरले काका उठून आले. चांगला पोक्त माणूस. त्यांनी थोडा भुगा चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "मामा, कुणाचे होते हे? वारलेल्याचे का?"

मेलेल्या माणसाचे बूट नवरदेवाच्या पायात! लडकूदादाने तोंड उघडलं. मला वाटलं आता तो सगळं सांगेल, पॉली, आयसो, नवं मशीन, पहिला जोड. पण तो काही बोलायच्या आत आमच्याच गावातला एकजण मागून ओरडला, "आपलंच हाय ना रं ते, लडकूदादा?"

सगळा मांडव हसला. वरपक्ष हसला, आमचं गाव हसलं, बँडवालेही हसले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. त्या सोलची कड आमच्या कात्र्यांनी कापलेली, त्याला आमच्या टाळ्या मिळालेल्या. कारखान्यातल्या आम्ही चौघीजणी एका रांगेत बसलो होतो, आमच्यातली एकही दुसरीच्या तोंडाकडे बघेना. लडकूदादाने वाकून आपल्या पायातल्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर काढल्या, त्या दिवशीही तो त्याच घालून आला होता, आणि संतोषच्या पुढे ठेवल्या. संतोषने त्या मुकाट्याने घातल्या. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते चित्र आहे: शेरवानी, मुंडावळ्या आणि पायात रबर. मनीषाची पाठवणी झाली तेव्हा मामा मांडवाच्या खांबामागे अनवाणी उभा होता.

पुढच्या कामाच्या दिवशी तो भुगा रुमालात बांधून त्याने कारखान्यात आणला आणि आमच्या टेबलापाशीच साहेबांना गाठलं. साहेब नवा होता, तरुण होता. म्हणाला, "अरे लडकू, हा माल ठेवायचा नसतो. आपल्या दमट हवेत डब्यात पडून राहिला की हवेतलं पाणी त्याला आतून खातं. रोज घातला असता तर झिजला असता, पण असा भुगा झाला नसता."

"मंग सांगलं का नाय, सायेब?"

"यात सांगायचं काय? बूट कोण ठेवून देतं?" साहेबाला खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्याचा दोष नव्हता. ठेवणीतलं म्हणजे काय ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग लडकूदादाने जे केलं ते मला कधीच जमलं नसतं. मी महिनाभर माहेरी जाऊन बसले असते. तो घरोघर फिरला. ज्याला ज्याला जोड दिला होता त्याच्या दारात उभा राहून म्हणायचा, "माजे बूट काडा. ठेवलेत का घातलेत?" लोक माळ्यावरून डबे काढायचे, अभिमानाने उघडायचे. तो अंगठ्याचं नख रोवायचा, आणि नख वर यायचंच नाही, अंगठा आत जायचा. "टाका. कुनाच्या लग्नात घालू नका." असं दारोदार. काही जण भांडले, काहींनी उगाच त्याच्या पुढ्यात तुकडे पाडून दाखवले. एका घरी मात्र म्हाताऱ्याने त्याचे बूट रोज घालून शेण ओढलं होतं, टाचा झिजून तिरक्या झाल्या होत्या, पण सोल शाबूत. लडकूदादा तो घाण बूट कितीतरी वेळ हातात धरून बसला, असं त्या म्हाताऱ्यानेच मला सांगितलं.

आमच्याकडे आला तेव्हा मी खोटंच म्हणाले, "दादा, यांनी कधीच घालून टाकले." तो म्हणाला, "काड गो. माळ्यावर दिसतो डबा." मी काढला. अंगठा आत गेला. त्याने डबा बंद करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जल्माला पुरंल म्हनलं व्हतं. चुकलं." आपल्यापेक्षा वयाने मोठा माणूस आपल्या उंबऱ्यात उभा राहून असं बोलतो, तेव्हा लाज कोणाला वाटते? मला वाटली. माझेच हात काळे झाल्यासारखे वाटले.

त्यानंतर त्याने लोकांच्या पायांकडे बघणं सोडलं. तोंडाकडे बघूनही बोलेना, कुठेतरी वर, वाशांकडे बघत राहायचा. आपलंच हा शब्द गेला. गावातल्या टवाळांनी मात्र तो उचलला, कोणाचं काही फुटलं, सायकल पंक्चर झाली की "आपलंच!" आणि हशा. वाशिंदला मनीषाच्या हातून काचेची बरणी पडली तर सासू म्हणाली, "मामाकडची का गं?" हिराबाईने हे गुलाबवहिनीला सांगितलं, तिने न सांगायचं ते नवऱ्याला सांगितलं. मग तो वाशिंदला कधीच गेला नाही. बारशाला एकट्या मामीला पाठवलं. मनीषा माहेरी आली की हा जास्तीची पाळी घ्यायचा. एकच भाची, अंगाखांद्यावर खेळवलेली, आणि तिला तोंड दाखवायला हा घाबरत होता.

पुढे त्याला धाप लागायला लागली, छाती भरून यायला लागली, काम सुटलं, ओट्यावरची बैठक कायमची झाली. अशाच एका वैशाखातल्या दुपारी मनीषा आणि संतोष न कळवता जीपने येऊन उतरले. त्याला आता पळायला जागा नव्हती. मी तिथेच होते, गुलाबवहिनीच्या कुरडया घालायला गेले होते. संतोष वाकून पाया पडला, दाराशी बूट काढून आत गेला. कितीतरी दिवसांनी लडकूदादाची नजर खाली गेली.

तेच बूट होते. तेच काळं कातडं, तीच शिवण. मांडवात उरलेलं कातडं त्याने जपून नेलं होतं आणि वाशिंदच्या चांभाराकडून त्याला टायरचा तळ लावून घेतला होता. टाचा झिजल्या होत्या, कातड्याला घड्या पडल्या होत्या, नाड्या दोन रंगांच्या. लडकूदादाने एक बूट उचलला. "मामा, राहू द्या, बुटाला हात नका लावू," संतोष आतून धावत आला. तोवर याने बूट उलटा करून अंगठ्याचं नख रोवलं होतं. नख रुतेना.

"रबर हाय," तो म्हणाला.

"रोज ड्युटीला घालतो, मामा," संतोष म्हणाला. "वरचं कातडं एक नंबर आहे."

"लोक हसत नाय तुला?"

"हसतात की. मी सांगतो, मामाने दिलेत."

लडकूदादाने बूट खाली ठेवला, दुसरा शेजारी नीट लावला. वर बघेना. मनीषाने पिशवीतून शाल काढली, चांगली जाड, लोकरी. कोणाला तरी सत्कारात मिळालेली असावी, नाहीतर वैशाखात शाल कोण आणतं? ती मामाच्या हातात देऊन पाया पडली. गुलाबवहिनी लगेच पुढे झाली. "आन इकडं, पेटीत ठेवते. ठेवनीतली व्हईल."

"नको ठेवू," तो म्हणाला, आणि घडी मोडून शाल अंगावर घेतली.

मी निघाले तेव्हा ऊन रणरणत होतं. ओट्यावर लडकूदादा घामाने निथळत बसला होता. आधी शाल खांद्यावर होती, मग त्याने ती डोक्यावरून घेतली, मग तोंडावर ओढली. त्याचे खांदे हलत होते. मनीषा शेजारी बसून शालीवरूनच त्याची पाठ चोळत होती. रस्त्याने जाणारा एकजण थांबून मला विचारायला लागला, "लडकूदादाला थंडी वाजती का गो?"

मी म्हणाले, "व्हय."